बुलोंगो टेकडीवरची चार वाजताची धुरी

समाली नाक्कूला दोन नवरे होते. एक जिवंत, दुसरा दीडशे वर्षांपूर्वीचा. आणि खरं सांगायचं तर तिला धाक होता तो दुसऱ्याचाच.

पहिला येकोयासी सेब्बोवा. तीस वर्षं कंपाला ते मसाका टॅक्सी हाकून आता गुडघे चोळत घरी बसलेला, जिभेने मात्र अजून पळणारा. दुसरा म्हणजे बुलोंगो टेकडीवरच्या गवती घरात, झाडाच्या सालीच्या कापडाच्या पडद्याआड रानात गेलेला राजा. तो मेला असं तिथे कोणी म्हणत नाही. आणि राजा मेलेला नाही म्हटल्यावर त्याच्या बायका तरी कशा संपणार? एक गेली की तिच्या माहेरच्या कुळातली भाची तिच्या जागी येते, तिची चटई घेते आणि वर्षातून दोन महिने टेकडीवर राजाच्या सेवेची पाळी करायला जाते. एरिना आत्या गेली तेव्हा उदमांजर कुळातल्या म्हाताऱ्यांनी दिवसकार्याला समालीच्या खांद्यावर सालीचं कापड टाकलं. तेव्हा ती एकोणचाळीस वर्षांची होती, तीन लेकरांची आई होती, आणि शाळेचे गणवेश शिवायचा तिचा धंदा नुकता कुठे बसत होता. तिला कुणी विचारलं नाही. राजाची बायको व्हायला कुणाला विचारत असतात का?

"मी आपला बदली कामगार," सेब्बोवा लोकांना सांगायचा. "कायम नोकरीवाले वर टेकडीवर आहेत."

या गोष्टीला पंधरा वर्षं झाली. पंधरा वर्षांत समालीचे केस पांढरे झाले आणि टेकडीच्या भोवतीची केळीची बाग नाहीशी झाली. आता वेताच्या कुंपणाला खेटून पाच मजली भाड्याच्या चाळी उभ्या आहेत, पश्चिमेला वेल्डिंगचं दुकान आहे, आणि फाटकासमोर बुसोगाकडच्या इसाबिर्येची कोळशाची शेगडी. चपातीत अंड्याची पोळी गुंडाळून तो दिवसभर विकतो. समाली मुळातच काळजीचा किडा. आत चटईवर पाय मुडपून बसली तरी तिचे कान बाहेर असायचे. वेल्डिंगची ठिणगी किती उडते, चाळीतले कचरा कुठे जाळतात, इसाबिर्येने निखारे विझवले की नुसते लोटले, याचा हिशेब तिच्या डोक्यात चालू. चाळीतल्यांना ती सरसकट 'भाडोत्री' म्हणायची. दलाल लोक दर दोन-चार महिन्यांनी टेकडीकडे बोट दाखवत फिरायचे, आणि तिची पक्की समजूत होती की हे घर जळालं तर त्या भाडोत्र्यांना आणि त्यांच्या मालकांना जागा मोकळी झाल्याचा आनंदच होईल.

तिचा घोर अगदीच उगाच नव्हता. काही वर्षांपूर्वी शहराच्या दुसऱ्या टेकडीवरचं मोठं गवती घर जळून गेलं होतं. लोक रस्त्यावर बसून रडले होते. त्यानंतर वारसा कचेरीतून सगळ्या टेकड्यांवर हुकूम आला, की कुंपणाच्या आत आग नको. चूल नको, मेणबत्ती नको, काडी नको. समालीने तो हुकूम ऐकला तेव्हा तिला हायसं वाटलं होतं. नंतर हळूहळू कळलं की आगीबरोबर धूरही गेला.

कारण आत्याच्या काळापासून, तिच्याही आत्याच्या काळापासून, रोज दुपार कलली की राजाच्या घरात धुरी घालायची रीत होती. मधल्या खड्ड्यात काळं मडकं, मडक्यात निखारे, वर आंब्याच्या ओल्या ढलप्या आणि केळीची सुकी सोपटं. "आग दिसता कामा नये, धूर थांबता कामा नये," आत्या म्हणायची. त्या धुराने छप्पर आतून काळंभोर झालेलं असायचं, वेताच्या कड्या तेल लावल्यासारख्या चकाकायच्या. एकेक कडी एकेका कुळाची. समालीच्या कुळाची खालून सातवी.

यंदा पाळीला आली त्या दिवशीच तिने वर बघितलं. सातवी कडी पिवळी पडली होती. काळा रंग सालपटासारखा सुटून गेला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने चटई झाडली तर पिठासारखी बारीक पूड उडाली. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिच्याबरोबर पाळीला फाईसी होती, नात्याने सवत, वयाने मुलगी शोभेल अशी.

"धूळ आहे हो," फाईसी मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली. "शहरात धूळ नसेल तर काय असेल?"

"धूळ बाहेरून येते. ही वरून येतेय."

"मग राजाला सांगा. तुमचं ऐकतो तो."

समालीने झाकारियाला निरोप धाडला. झाकारिया काळ्या-पांढऱ्या माकडाच्या कुळातला, आणि राजाचं छप्पर शाकारायचा मान त्याच कुळाचा. वय सत्तरच्या पुढे, पण शिडीवर चढला की विशीचा. त्याने वळचणीतून एक काडी उपसली, दोन बोटांत चोळली. काडीचं पीठ झालं.

"भुंगेरे," तो म्हणाला. "आतून पोखरतायत. बाहेरून बघाल तर नवरदेव, आत काही नाही."

"किती गेलंय, जज्जा?" तिने त्या आजोबांना विचारलं.

"पश्चिमेची बाजू निम्मी गेली. पाऊस पडला तर वरच्या वर घसरून जाईल, त्याची भीती नाही. पण कुणी खालून, वळचणीतून पाणी घातलं, तर ही बाजू ते स्पंजासारखं पिईल आणि बसेल. वासेसुद्धा घेऊन बसेल."

"मग नवीन गवत?"

"कुठलं गवत, पोरी? माझ्या बापाने ज्या दलदलीतून आणलं तिथे आज विटांची भट्टी आहे. मी जिथून आणलं तिथे पेट्रोल पंप. आता ट्रक घेऊन अख्खा दिवस प्रवास करावा लागतो, आणि ते गवतही कमरेएवढंच. शिवाय शाकारणी म्हणजे चार महिने. चार महिने माझ्या माणसांनी बायकोचं तोंड बघायचं नाही आणि तुम्ही बायकांनी इथे पाऊल ठेवायचं नाही. शाकारताना बाई आली की छप्पर गळतं. शाकारून झाल्यावर बाई आली नाही की छप्पर कुजतं. तुमच्यासकट मरण आणि तुमच्यावाचूनही मरण."

तो हसला, पण काडीचं पीठ त्याने खाली टाकलं नाही. रुमालात बांधून खिशात ठेवलं. समालीने ते पाहिलं.

दोन दिवसांनी वारसा कचेरीचे ओकोट साहेब आले. उत्तरेकडचा उंच तरुण माणूस, लुगांडा बोलताना अडखळायचा आणि त्याबद्दल लोकांनी चेष्टा केली तर स्वतःच आधी हसायचा. फाटकाशी बूट काढून, नमस्कार-चमत्कार करून तो चटईच्या कडेला बसला आणि पिशवीतून गवताची एक पेंढी काढून समालीपुढे ठेवली. छान पिवळी, सारख्या लांबीची.

समालीने ती उचलली. हाताला गुळगुळीत लागली. वास घेतला तर नव्या स्लिपरांचा.

"प्लास्टिक आहे, न्याबो," ओकोट म्हणाला. बाईमाणसाला तो आदराने न्याबोच म्हणायचा. "पेटत नाही. तीस वर्षं टिकतं. किनाऱ्यावरच्या हॉटेलांनी घातलंय."

"ह्याला भुंगेरा लागत नाही?"

"नाही."

"उंदीर? पाल?"

"काहीच नाही."

"म्हणजे ह्यात कुणालाच राहावंसं वाटत नाही," समाली म्हणाली.

ओकोटने मान खाली घातली. मग त्याने जे सांगितलं ते त्याला सांगायचं नव्हतं हे दिसत होतं. आणखी नऊ दिवसांनी वारसा कचेरीच्या समितीचा इंजिनियर येऊन छप्पर दाबून बघणार होता. पश्चिमेच्या बाजूत किडा चालू असलेला आढळला, तर अख्खं गवत उतरवून हे प्लास्टिक चढवायचं असं ठरलं होतं. नव्या गवताला समिती तयार नव्हती. एक तर ते मिळत नव्हतं, आणि मिळालं तरी पाच-सहा वर्षांत पुन्हा भुंगेरे होतेच.

"धुरी घालू द्या," समाली म्हणाली. "आठ दिवस. किडा मरतो धुराने. मग दाबू दे त्याला हवं तेवढं."

"कुंपणाच्या आत आग नाही."

"आग नाही म्हणतेय का मी? धूर."

"आगीवाचून धूर निघत असेल तर मला दाखवा, न्याबो. मी आज नियम बदलून आणतो."

"तुम्हाला गवत नकोच आहे."

ओकोटने पडद्याकडे बघितलं. "त्या टेकडीवरची राख मी उपसलीय," तो म्हणाला. "कॉलेजात होतो. चार दिवस फावड्याने उपसत होतो, पाचव्या दिवशी हाताने. मला गवत नको असं नाही. मला राख नको."

समालीलाही तीच राख स्वप्नात दिसायची. माणूस वाईट असता तर तिला सोपं गेलं असतं.

रविवारी सेब्बोवा कुंपणापाशी आला. पाळीच्या महिन्यात जिवंत नवऱ्याने आत यायचं नाही, म्हणून तो बाहेर उभा राहून वेतांच्या फटीतून डबा द्यायचा. आज केळ्यांचा आणि आतड्यांचा कातोगो होता, त्याने स्वतः केलेला, म्हणजे खारट.

"कसे आहेत मोठे मालक?" त्याने विचारलं.

"त्यांचं छप्पर चाललंय." तिने सगळं सांगितलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, "उद्या येताना पलंगाखालचं काळं मडकं आणा. आत्याचं. पोत्यात गुंडाळून आणा."

सेब्बोवाने आधी रस्त्याकडे वळून बघितलं. मग तोंड फटीला लावलं.

"समाली, तुला पोलीस नेतील."

"कोण नेतंय? धूर दारातून बाहेर जातो. दार पूर्वेला. पूर्वेला मुटुबाची झाडं आहेत, तिकडे कुणाचं लक्ष नसतं. आत्याने चाळीस वर्षं घातली, कुणाला बाहेरून धुराची रेघ दिसली नाही."

"आणि घर पेटलं तर?"

"मी मडक्यापासून हलणार नाही."

"तू लघवीला सुद्धा दर तासाला जातेस."

"नाही जाणार."

तो गुडघा चोळू लागला. "तुला काही झालं तर राजाला भाची मिळेल," तो म्हणाला. "मला कोण देणार?" पण दुसऱ्या दिवशी त्याने मडकं आणलं.

समालीने खड्ड्यात वाळूचा थर दिला, मडकं त्यात बसवलं, दोन्ही बाजूंना पाण्याचे दोन पिवळे कॅन ठेवले. दुपारी चारला निखारे घातले, ते इसाबिर्येकडूनच मागून आणलेले, कुंपणाबाहेर चहा करायचाय असं सांगून. ढलप्या टाकल्या. पहिला धूर वर गेला तेव्हा तिने हात मांड्यांखाली दाबून धरले. ज्या माणसाने आयुष्यभर एकाच गोष्टीची भीती बाळगली त्यानेच ती गोष्ट आपल्या हाताने घरात आणायची, याहून वाईट दुपार कोणती? अर्धा तास ती मडक्याकडे बघत बसली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते धुराने की कशाने, तिलाही सांगता आलं नसतं.

फाईसीने नाक धरलं. "मी नाही पाहिलं काही," ती म्हणाली आणि बाहेर जाऊन बसली. एवढं मात्र तिने इमानाने केलं. कुणाला सांगितलं नाही.

पहिले तीन दिवस निभावले. वारा होता, धूर दाराने निघून झाडांत विरत होता. चटईवर सकाळी पुडीबरोबर मेलेले भुंगेरे सापडू लागले, पाच, मग वीस, मग मोजणं सोडलं. समालीच्या मनात पहिल्यांदा आशा मूळ धरू लागली. तपासणीला अजून चार दिवस होते.

चौथ्या दिवशी वारा पडला. आकाश झाकोळलेलं, एक पान हलत नव्हतं. समालीने नेहमीसारखी धुरी घातली, आणि आज किडे जास्त पडतायत म्हणून ढलप्या थोड्या जास्त टाकल्या. तिची चूक इथेच झाली. आत्याच्या काळात छपराच्या आतल्या थराला शंभर वर्षांची काजळी होती. काड्या-काड्यांमधल्या फटी त्या काजळीने लिंपलेल्या, त्यामुळे धुराला दाराखेरीज वाट नव्हती. आता काजळी गळून गेली होती. आत्याची रीत समालीने जशीच्या तशी उचलली, पण छप्पर आत्याचं राहिलं नव्हतं, हे तिच्या ध्यानातच आलं नाही. आत बसलेल्या बाईला ते दिसणारही नव्हतं.

बाहेरून काय दिसलं ते सगळ्यांनी नंतर सांगितलं. अख्ख्या छपरातून, शेंड्यापासून वळचणीपर्यंत, धूर निघत होता. भाताच्या पातेल्यावरचं फडकं वाफाळतं तसा.

इसाबिर्ये पहिला ओरडला. मग चाळीच्या गॅलऱ्यांमधून आवाज उठला, मग जिन्यांवर धाडधाड पावलं. समालीला आधी वाटलं कुठेतरी भांडण लागलंय. ती दारापाशी आली आणि जागच्या जागी थिजली.

कुंपणाचं फाटक मोडून माणसं आत येत होती. ज्यांना ती पंधरा वर्षं भाडोत्री म्हणत आली ती सगळी. एका बाईच्या अर्ध्या डोक्याला वेण्या आणि अर्धे केस मोकळे, वेणी घालणारीच्या पुढ्यातून तशीच उठून आलेली. कमरेला टॉवेल गुंडाळलेला एक जण. वेल्डिंगवाला, डोळ्यांवरचा काळा चष्मा कपाळावर. प्रत्येकाच्या हातात पिवळा कॅन, आणि त्या चाळीत पाणी दिवसाआड येतं हे समालीला ठाऊक होतं. कुणी प्यायचं पाणी आणलं होतं, कुणी कपड्यांच्या साबणाचं. त्यांनी रांग लावली होती. इसाबिर्ये शिडी लावून पश्चिमेच्या वळचणीला चढला होता आणि गवताची कड वर उचलून आत पाणी ओतण्याच्या बेतात होता.

झाकारियाचे शब्द समालीच्या कानात वाजले. वासेसुद्धा घेऊन बसेल.

तिला एका क्षणात दोन्ही वाटा दिसल्या. गप्प राहिली असती तर कुणाला कधीच कळलं नसतं. भाडोत्र्यांच्या शेगडीवरून छपराने पेट घेतला, लोकांनी विझवला, छप्पर बसलं. तिच्या अंगावर काही आलं नसतं. मडकं तेवढं पडद्यामागे सरकवायचं.

"इसाबिर्ये," ती म्हणाली. "ते पाणी खाली ठेव."

"मावशी, बाजूला व्हा, छप्पर पेटलंय."

"पेटलेलं नाही. धूर आहे. मी केलाय."

"काय?"

"मी केलाय. मडक्यात. धुरी घातलीय मी, किड्यांसाठी. पाणी घातलंस तर घर पडेल. खाली उतर, चपला काढ आणि आत येऊन बघ."

रांग थबकली. मागचे पुढच्यांना विचारू लागले. इसाबिर्ये शिडीवरून उतरला, चपला काढल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा, पंधरा वर्षं ज्या फाटकासमोर चपात्या भाजल्या त्याच्या आत, राजाच्या घरात गेला. थोड्या वेळाने खोकत बाहेर आला. त्याच्या केसांत, खांद्यांवर, शर्टाच्या खिशात भुंगेरे होते.

"आग नाही," त्याने सगळ्यांना सांगितलं. "म्हातारीने धुरी घातलीय. आत किड्यांचा पाऊस चाललाय."

कुणीतरी हसलं. मग बरेच जण हसले, आणि कॅन खाली ठेवले गेले. अर्ध्या वेणीची बाई तिथेच गवतात बसली आणि रडायला लागली, कारण पाचव्या मजल्यावरून धावत येताना तिची एक चप्पल आणि सगळा धीर वाटेत पडला होता. समाली तिच्याजवळ गेली. तिने आपल्या खांद्यावरचं सालीचं कापड काढून तिच्या पाठीवर टाकलं.

आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी म्हणतात तसा बंबही आला, पण तो गल्लीच्या तोंडाशी, चाळीच्या पुढे आलेल्या भिंतीत अडकून पडला. त्याच्या मागे मोटारसायकलवरून ओकोट साहेब. धावत वर आला तेव्हा त्याचा चेहरा राखेसारखा होता. दारात उभा राहून त्याने मडकं पाहिलं, वाळू पाहिली, दोन कॅन पाहिले. बूट काढले. चटईवर बसला आणि हाताने भुंगेरे गोळा करू लागला. ओंजळ भरली, दुसरी भरली. रुमाल काढला.

"तुम्ही नियम मोडलात हे मला लिहावं लागेल," तो म्हणाला.

"लिहा."

"हे किडेही लिहावे लागतील."

"तेही लिहा, साहेब."

तीन दिवसांनी इंजिनियर आला. त्याने दाबून बघितलं, ठोकून बघितलं, झाकारियाला शिडीवर चढवून शंभर प्रश्न विचारले. पश्चिमेची बाजू कमजोर होती, पण तिच्यात जिवंत किडा एकही सापडला नाही. ओकोटने रुमाल उघडून मेजावर ठेवला म्हणे, आणि समितीतल्या बाईने आपली खुर्ची मागे ओढली. गवताला दोन वर्षं मिळाली. धुरीला परवानगी मिळाली, रोज चार वाजता, अर्धा तास, मडक्यावर पत्र्याची टोपी आणि शेजारी आग विझवायची दोन लाल नळकांडी. नाकापेक्षा मोती जड, पण मिळाली.

आता राहिली समाली. कुंपणात आग लावणाऱ्या बाईला तसंच सोडलं तर उद्या कुणीही काडी ओढेल, हे समितीचं म्हणणं खोटं नव्हतं. राजाच्या बहिणीच्या गादीवर बसणारी नालिन्या, टेकडीची सर्वांत मोठी अधिकारी, तिने समालीला बोलावून घेतलं. म्हातारीचा आवाज मऊ होता.

"राजाच्या बायकोला काढता येत नाही," नालिन्या म्हणाली. "ती मरेपर्यंत त्याचीच. तेव्हा तुझी चटई तुझीच राहील. तिच्यावर दुसरी कुणी बसणार नाही. पण तू कुंपणाच्या आत यायचं नाहीस."

"किती दिवस?"

"मी दिवस सांगितले नाहीत, पोरी."

"आणि धुरी कोण घालणार?"

"फाईसी."

समाली गुडघ्यांवर बसली होती. तिने मान लववली, आणि त्या वेळी तिला स्वतःपेक्षा फाईसीच्या मोबाइलची जास्त चिंता वाटली.

पुढच्या पाळीचा महिना आला तेव्हा तिला घरी बसवेना. सकाळीच उठून ती टेकडीकडे निघाली आणि फाटकासमोर इसाबिर्येच्या बाकड्यावर जाऊन बसली. ज्या शेगडीला ती पंधरा वर्षं शिव्या देत होती तिच्या शेजारी. इसाबिर्ये तिला चहा द्यायचा. अर्ध्या वेणीची बाई, तिचं नाव प्रॉसी, येता-जाता "राजेसाहेब बरे आहेत ना?" म्हणून विचारायची. चार वाजले की छपरातून धूर निघायचा, निळसर, पातळ, बरोबर. समाली अर्धा तास एकटक बघायची आणि मग चहा संपवायची. लोकांना त्या धुराची सवय झाली. चाळीतल्या बायका म्हणायच्या, राजाने चिलीम पेटवली, चला, पोरांना शाळेतून आणायची वेळ झाली.

एके दिवशी धूर चारच्या आधी निघाला.

समाली ताडकन उठली. हातातला चहा सांडला. "इसाबिर्ये, किती वाजले?"

"चाराला वीस कमी."

"मग तो धूर कसला?"

इसाबिर्येने वर बघितलंही नाही. चपाती उलटत म्हणाला, "धुरी आहे, मावशी. फाईसीला लवकर जायचं असेल."

समाली रस्त्याच्या मधोमध उभी राहून रंग बघत राहिली. निळसर. पातळ. एकसारखा. पिवळट झाक नाही, गोळे नाहीत. फाईसीनेच लवकर उरकलं होतं. समाली वळून चाळीकडे बघू लागली. पाच मजले, चाळीस गॅलऱ्या. कुणी कपडे वाळत घालत होतं, कुणी पोराच्या डोक्याला तेल लावत होतं, प्रॉसी कठड्याला टेकून फोनवर बोलत होती. राजाच्या घरातून अवेळी धूर निघत होता आणि एकही मान वळली नाही. त्या दिवशी हीच माणसं प्यायचं पाणी घेऊन धावली होती. आज घर खरंच पेटलं असतं तरी ती शेवटची काडी जळेपर्यंत म्हणाली असती, राजाने चिलीम पेटवली. हे त्यांना समालीनेच शिकवलं होतं.

ती बाकड्यावर बसली. धूर विरेपर्यंत तिने नजर हलवली नाही.

संध्याकाळी सेब्बोवा डबा घेऊन आला, आज शेंगदाण्याच्या रश्श्यात मासे. तिने झाकण उघडलं नाही.

"उद्या शिवणयंत्र इथे आणायचं," ती म्हणाली. "इसाबिर्येने कोपरा दिलाय. गणवेश इथेच शिवीन."

"महिनाभर?"

"वर्षभर. सगळे बारा महिने. आता इथे धूर कुठला नि आग कुठली हे ओळखणारं माझ्याखेरीज कुणी उरलेलं नाही."

सेब्बोवाने टेकडीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. काहीतरी चेष्टा त्याच्या ओठांवर आली होती, ती त्याने गिळली. "म्हणजे मी आता रोजचा डबेवाला," तो एवढंच म्हणाला आणि तिच्या शेजारी बाकड्यावर टेकला.

"तसे नका बसू," समाली म्हणाली. "पाठ टेकडीकडे होतेय. इकडे तोंड करून बसा."

त्याने गुडघा धरून बाकड्यावरच वळण घेतलं आणि दोघं जेवू लागली. जेवताना समालीची नजर एकदाही डब्याकडे गेली नाही.